न मोजलेलं पाणी

सरोजबाईंनी कप असा आपटला की बशीचा टवका उडाला.

"अंदाजे? यांनी पाऊस अंदाजे लिहिला?"

"मॅडमनी फक्त विचारलंय, आज्जी," नात नूपुर चाचरत म्हणाली.

यांनी म्हणजे दिगंबररावांनी. भुसावळहून बदली होऊन ते गार्डन रीचच्या रेल्वे कचेरीत आले आणि कोलकात्याचेच झाले. निवृत्त झाल्यावर गच्चीवर पर्जन्यमापक बसवलं. रोज सकाळी साडेआठला वर जायचं, पाणी मोजायचं, वहीत लिहायचं. तोवर चहाला हात लावायचा नाही. एकोणीस वर्षं सरोजबाईंनी तो गार चहा पुन्हा गरम केला. "गच्चीवर माझी सवत आहे," असं त्या साऱ्या कॉलनीला सांगत.

गेल्या वर्षी दिगंबरराव गेले. एका कॉलेजच्या प्राध्यापिकेला नदीकाठच्या पावसाच्या नोंदी छापायच्या होत्या, म्हणून नूपुरने वह्या कॉम्प्युटरवर घालून आलेख पाठवला. उत्तर आलं: पहिलं वर्ष शहराच्या पावसाशी जुळतं, पुढे सगळं सरकत जातं. मोठे पाऊस भलत्याच दिवशी दिसतात. नोंदी अंदाजे लिहिल्या होत्या का? असं असेल तर छापता येणार नाही.

"माणूस गेला तो गेला, वर खोटाही ठरायचा? आण त्या वह्या!"

सरोजबाई वाचू लागल्या, नूपुर पडद्यावर ताडून पाहू लागली. दुसरी वही अर्धी झाली आणि बाई थबकल्या. "अगं, अकरा तारखेनंतर एकदम चौदा?"

नूपुरचा चेहरा पडला. तिने पहिली तेवढी तारीख घातली होती. पुढच्या तारखा कॉम्प्युटरने ओळीने भरल्या होत्या. आजोबांचा एक दिवस चुकला नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. सुटलेल्या दिवसांची कारणं आजोबांनी समासात बारीक मराठीत लिहिली होती. कोलकात्यात वाढलेल्या पोरीला ते अक्षर लागेना, म्हणून तिने फक्त आकडे उचलले.

"माझा चूक झाला, आज्जी."

"माझी चूक म्हण. आणि खरंच माझीच. एक दिवस चुकला नाही म्हणून टिमकी मीच वाजवत होते ना!"

मग रोज संध्याकाळी दोघी बसल्या. आज्जी तारीख सांगायची, नूपुर आकडा त्या तारखेसमोर बसवायची. पुतण्या निखिलचं लग्न, चार दिवस नागपूर. ताप, दोन दिवस.

"रिकाम्या दिवशी शून्य घालू?"

"खबरदार! शून्य म्हणजे पाऊस नाही. इथे पाऊस असेलही, मोजणारा नव्हता. मोकळंच ठेव."

नववी वही उघडली. जुलैत नोंद तुटली ती थेट ऑगस्टात लागली. मध्ये तेवीस दिवस कोरे. सरोजबाईंना ते दिवस आठवले. न्यूमोनियाने त्या हॉस्पिटलात होत्या. सकाळी डोळे उघडले की हे स्टुलावर बसलेले. "आलात का सवतीला भेटून?" असं त्यांनी एकदा खोकत खोकत विचारलंही होतं. हे नुसते हसले होते.

ऑगस्टातल्या पहिल्या नोंदीपुढचा समास त्यांनी मोठ्याने वाचायला घेतला.

"भांडं काठोकाठ भरलेलं. न मोजता ओतून दिलं. आज सरोज घरी आली."

पुढे त्यांना वाचवेना. थेंब थेंब मोजणारा माणूस, आणि भरलेलं भांडं तसंच ओतून मोकळा झाला! "देवा, केवढं दिलं होतंस मला," त्या पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "आणि मी मेली चहावरून भांडत बसले." नूपुरने त्यांचा हात धरून ठेवला.

नवा आलेख गेला. आठवड्याने प्राध्यापिकेचा फोन आला: सगळं तंतोतंत जुळतंय, नोंदी छापतोय, तुमचे फार उपकार झाले. फक्त त्या तेवीस दिवसांच्या जागेखाली कारण काय द्यायचं?

नूपुरने फोनवर हात ठेवून आज्जीकडे पाहिलं.

"सांग त्यांना," सरोजबाई म्हणाल्या, "मोजणारा बायकोजवळ बसला होता."