खळीनं चिकटवलेला शेवट

जुन्या पुस्तकांचा वास छान असतो, असं सांगणारी माणसं मला पुढे बरीच भेटली. त्यांनी ती पुस्तकं कधी पुसलेली नसणार. मी पुसली आहेत. बहात्तरच्या दुष्काळानंतरची तीन-चार वर्षं सोलापुरात माझं तेच काम होतं. रद्दीवाल्याकडून गठ्ठा आला की सोडायचा, पानं झटकायची, रॉकेलच्या फडक्यानं कव्हरं पुसायची. आतून काय काय निघायचं! केस, तपकिरीचे डाग, चिरडलेले ढेकूण, कुणाच्या भज्यांचं तेल. थुंकी लावून पान उलटणाऱ्यांनी प्रत्येक पानाचा कोपरा काळा आणि मऊ करून ठेवलेला असे. त्या मऊ कोपऱ्याला बोट लागलं की किळस यायची. पण हे बोलून दाखवायची सोय नव्हती.

मी सातवीत असताना वडील गेले आणि शाळा सुटली. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून मला इथं पाठवलं, वडिलांच्या चुलत बहिणीकडे. ही आत्या विधवा, पोटी मूलबाळ नाही. तिचा नवरा फूटपाथवर जुनी पुस्तकं विकायचा, त्याच्यामागं ती विकू लागली. तिनं मला ना पाहिलेलं ना ऐकलेलं, तरी घरात घेतलं. त्याचं ओझं माझ्यावर इतकं होतं की हातून भांडं पडलं तरी वाटायचं, झालं, आता ही मला एस्टीत बसवून देते.

आमच्याकडं खपायची ती खिशात मावणारी पुस्तकं. खून, गुप्तहेर, भुताचे बंगले, नाहीतर श्रीमंतांघरची प्रेमं. पुसता पुसता मी सगळी वाचायचे. नायिका दर दहा पानांनी बेशुद्ध पडायची, तिला शुद्धीवर आणायला मोटार घेऊन कुणीतरी यायचं, आणि घरात कुणीच कधी भांडी घासायचं नाही. वाचून संपलं की चीड यायची, आणि मी लगेच दुसरं उघडायचे.

गिऱ्हाईक पुस्तक हातात घेऊन आधी शेवटचं पान बघायचं. शेवट नसलेलं पुस्तक फुकट दिलं तरी कुणी नेत नसे. आणि रद्दीत पहिलं फाटतं तेही शेवटचं पानच. म्हणून आत्यानं एक रीत काढली होती. विकायच्या लायकीची न राहिलेली पुस्तकं फाडून त्यांचे शेवट ती पत्र्याच्या डब्यात साठवायची. मग बिनशेवटाच्या पुस्तकाला त्याच मापाचा, तशाच पिवळ्या कागदाचा शेवट जोडायचा. कणकेची खळ मी शिजवायचे, कसर लागू नये म्हणून तिच्यात निळा मोरचूद घालायचे. जोडायचेही मीच. एकदा भीत भीत म्हणाले की गोष्ट जुळत नाही. आत्या म्हणाली, "कोन बगतंय? शेवटाला समद्यांची लग्नंच हुत्यात की."

आणि खरंच, कुणी तक्रार घेऊन आलं नाही. लोक शेवटाला नायक बदलला तरी वाचत जातात, हे कळल्यावर मला त्या मळक्या कोपऱ्यांइतकीच वाचणाऱ्यांचीही किळस येऊ लागली.

शहराच्या पूर्व भागातली, तेलुगू विणकरांच्या वस्तीतली एक मुलगी दर आठवड्याला यायची. माझ्याहून लहान, चौथीपर्यंत शिकलेली, घरात तेलुगू. तिच्या गल्लीतल्या सात-आठ बायका एका ओसरीवर विड्या वळत बसायच्या. ही त्यांना मराठी पुस्तक वाचून लगोलग तेलुगूत सांगायची. बदल्यात प्रत्येक बाई आपल्या विड्यांतल्या मूठभर तिच्या सुपात टाकायची, म्हणजे न वळताच तिचा दिवसाचा आकडा भरे. तंबाखूत हात घातला की त्या पोरीला धाप लागे. वाचणं चालू होतं तोवरच ती त्यातून सुटलेली होती.

एका दुपारी ती रडवेली होऊन आली. त्या आठवड्याच्या गोष्टीत धाकट्या सुनेवर खुनाचा आळ होता. ती सुटते की फासावर जाते, यावर ओसरीवर दोन तट पडले होते. शेवटच्या पानावर कोण कुठली डॉक्टरीण नवऱ्याबरोबर बोटीत बसून निघून गेली. सून नाही आणि खूनही नाही. बायका म्हणाल्या, हिला वाचता येतच नाही, इतके दिवस मनचंच सांगत होती आणि आपण हिचं सूप भरत होतो. आईनं सकाळपासून तिला तंबाखू भरायला बसवलं होतं.

"अक्का, तुम्ही सगळी वाचता ना," ती मला म्हणाली. "सांगा, मी खोटं वाचले काय?"

मी मागचं पान उघडलं. कडेला खळीचा निळसर पट्टा होता, माझ्याच बोटानं ओढलेला. मी काही बोलायच्या आत आत्या हसली. "चौथी शिकली न् कादंबऱ्या वाचाया निगाली. तुला वाचाया येत न्हाय, तर पुस्तकाला कशाला बोल लावतीस, बाय?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. मी गठ्ठ्याची सुतळी सोडत राहिले. पुस्तक उचलून ती खोकत निघून गेली. त्या दिवसापर्यंत मला दुसऱ्यांच्या घाणीची शिसारी होती. त्या संध्याकाळी मी राखेनं हात घासत बसले, ते माझ्या स्वतःच्या घाणीच्या शिसारीनं.

दुसऱ्या दिवशी आत्या रद्दीवाल्याकडे गेली, तशी मी पुस्तकांवर ताडपत्री टाकून पूर्व भागात गेले. विचारत विचारत ओसरी सापडली. तोंडाला फडकं बांधून ती मुलगी विड्या वळत होती. मी पुस्तक मागून घेतलं, पदराचं टोक ओलं करून पानाच्या कडेवर दाबून धरलं आणि सगळ्यांसमोर शेवट सोलून काढला. जखमेवरची खपली निघावी तसा निघाला.

"हा मी चिकटवला," मी म्हणाले. "ही बरोबर वाचत होती."

मुलीनं ते तेलुगूत सांगितलं. एक म्हातारी माझ्याकडं बघून काहीतरी बोलली आणि बायका खदाखदा हसल्या. ते काय होतं हे मुलीनं मला सांगितलं नाही. मग म्हातारीनंच मराठीत विचारलं, सुनेचं काय झालं? मला माहीत नव्हतं. बायका मुलीला म्हणू लागल्या की मग तूच सांग काहीतरी.

"लिहिलेलं नाही ते मी वाचणार नाही," ती म्हणाली.

म्हातारीनं हातातली विडी वळून पुरी केली. मग तिनं आपल्यातल्या मूठभर विड्या उचलून मुलीच्या सुपात टाकल्या. मुलीनं तोंडाचं फडकं सोडलं. मला कुणी बस म्हणालं नाही.

घरी येऊन मी कपडे पिशवीत भरले आणि आत्या आल्यावर दारातच तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, खाल्ल्या घरचे वासे मोजलेस. मग चुलीपाशी गेली आणि ताट वाढलं. "आदी जेव."

ज्या तोंडानं ती त्या पोरीला हसली होती, त्याच तोंडानं मला जेव म्हणत होती. मला त्या भाकरीची किळस यायला हवी होती. मी दोन खाल्ल्या. तिसरी मागायची हिंमत झाली नाही, म्हणून उठले.