वेस पिएत्रासचे ठोके

आमच्या चिकपी गावात ज्यांच्याकडे घर तापवायची तेलाची भट्टी आहे, त्या सगळ्यांना वेस पिएत्रास माहीत आहे. हिवाळ्यात तो टँकर घेऊन येतो, जाड नळी खांद्यावर टाकून गुडघाभर बर्फातून घरामागे जातो, टाकी भरतो आणि पावती दाराच्या फटीत खोचून निघून जातो. बोलायचं काम नाही. हाच माणूस एके काळी ड्राउन्ड मिल नावाच्या बँडचा ड्रमर होता, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. मला ठाऊक आहे, कारण त्याच बँडमध्ये मी बास वाजवायचो. बास वाजवणाऱ्याची कोणी चौकशी करत नाही. माझं नाव कीथ, तेवढं पुरे.

आमचं संगीत मेटलकोअर. माझी आई त्याला 'सुरात केलेली भांडणं' म्हणायची आणि त्यात फारसं चूक काही नव्हतं. गिटार सुसाट पळतात, गाणारा घसा फाडून ओरडतो आणि मग अचानक सगळं संथ आणि जड होतं. त्याला ब्रेकडाउन म्हणतात. समोरची पोरं त्याचीच वाट बघत असतात, कारण तिथे एकमेकांवर आदळायचं असतं. त्या ब्रेकडाउनच्या आधी वेस किंचित अडखळायचा. जिन्याची शेवटची पायरी चुकली की पोटात जसा खड्डा पडतो, तसं व्हायचं. दुसऱ्या बँडचे ड्रमर तेवढ्यासाठी त्याला बघायला यायचे. त्याला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "मुद्दाम नाही करत. हात तसा पडतो."

दोन रेकॉर्ड झाल्या, त्या आम्ही एका गॅरेजमध्ये केल्या होत्या. मग लग्नं झाली, पोरं झाली, नोकऱ्या लागल्या. बँड मोडला असं कधी कोणी म्हटलं नाही, नुसतं भेटणं थांबलं. आमचा गायक डॅरेन लॅव्हली छपराचं सामान विकणाऱ्या दुकानात गल्ल्यावर बसायला लागला. वेस टँकरवर गेला.

मग जुन्या बँडना पुन्हा बरे दिवस आले. पोटं सुटलेल्या आमच्या वयाच्या लोकांना तरुणपणची गाणी हवीशी वाटायला लागली, आणि एका कंपनीनं डॅरेनला विचारलं की नवी रेकॉर्ड करता का. डॅरेन दुकानातून तडक वेसच्या टँकरमागे गेला आणि कोणाच्या तरी अंगणात, नळी चालू असतानाच, त्याला गाठलं. वेस लगेच हो म्हणाला. त्याची बायको कॉलीन म्हणते की त्या संध्याकाळी तो तळघरात गेला, ड्रमवरची चादर काढली आणि नुसता बघत बसला.

तो अख्खा हिवाळा त्यानं सराव केला. दिवसभर नळी ओढून आलेला माणूस गावातल्या पोलिश लोकांच्या क्लबच्या तळघरात येऊन वाजवायचा. डाव्या मनगटावर पट्टा असायचा. मी विचारलं तर म्हणाला, थंडीनं आखडतं. मी पुढे विचारलं नाही, कारण माझीही पाठ आखडलेलीच होती.

रेकॉर्डिंग शेजारच्या कनेटिकट राज्यात झालं. ब्रेट ओल्सन नावाचा निर्माता होता, मवाळ बोलणारा, आमच्याहून लहान. वेसनं साठवलेली सगळी सुट्टी त्यासाठी खर्च केली आणि आधी त्याचंच वाजवणं झालं. डॅरेन कच्चं गाऊन त्याला साथ देत होता. मी नंतर जाऊन माझं वाजवून आलो.

'लो वॉटर' ही आमची नवी रेकॉर्ड बाहेर आली त्या दिवशी वेसनं ती टँकरमध्ये ऐकली. पहिलं गाणं संपल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली, असं त्यानं मला नंतर सांगितलं. आवाज मोठा होता, स्वच्छ होता, आणि त्यात तो नव्हता. हल्लीची रीत अशी की वाजवलेला प्रत्येक ठोका कॉम्प्युटरवर ओढून ओळीत बसवतात, आणि मग तो ठोकासुद्धा काढून त्या जागी दुसऱ्या ड्रमचा तयार आवाज ठेवतात. शाळेतली मुलं प्रार्थनेला उभी करावीत तसे ठोके उभे होते, सगळे एका उंचीचे. ब्रेकडाउनच्या आधीचं अडखळणंही गेलं होतं. तिथे नुसतं सपाट होतं.

इंटरनेटवर लोकांनी जे लिहायचं ते लिहिलं. मशीननं वाजवलंय. पिएत्रासला बोलवायचं नव्हतं तर त्याचं नाव कशाला टाकलं? एकानं लिहिलं, वेस मेला असेल तर निदान कळवा तरी. आपण वाजवलंच नाही असं लोकांना वाटतंय, हे वेसला लागलं. कॉलीननं त्याची समजूत काढायला म्हटलं की तिला रेकॉर्ड आवडली, किती स्वच्छ आहे. त्यावर तो जेवणावरून उठला.

रविवारी दुपारी क्लबात कार्यक्रमाची तालीम होती. वेस आला, पण ड्रमवर बसला नाही. कोट अंगातच ठेवून उभा राहिला.

"कोणी सांगितलं ब्रेटला ते करायला?" त्यानं विचारलं.

डॅरेन केबल गुंडाळत होता. ती गुंडाळून झाली तरी तो ती परत सोडून गुंडाळायला लागला. "हल्ली सगळेच करतात, वेस."

"मी सगळ्यांचं नाही विचारलं."

"मी सांगितलं," डॅरेन म्हणाला. "तुझा हात तालात राहत नव्हता, लेका. चौथ्या गाण्यानंतर राहतच नव्हता. ब्रेट म्हणाला, त्याला परत बोलवू, पुन्हा वाजवून घेऊ. मी म्हटलं, नको. त्याच्याकडे सुट्टीही नाही आणि तो हातही आता नाही."

"मला नाही सांगितलंस ते."

"तू हिवाळाभर इथे येऊन मरमर वाजवत होतास. तुला काय सांगणार होतो?"

वेस त्याला खोटारडा म्हणाला आणि निघून गेला. त्यानं ब्रेटला फोन करून हात न लावलेलं मूळ वाजवणं मागितलं. ब्रेटनं काही आढेवेढे न घेता पाठवून दिलं. ते घरी ऐकायचं नव्हतं म्हणून वेस माझ्याकडे आला. माझ्या बायकोनं गोवोम्पकी केल्या होत्या. कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा गार होत राहिला आणि आम्ही दोघं स्वयंपाकघरात ऐकत बसलो.

पहिली गाणी ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. तो जुना वेस होता, दांडगा, थोडा वाकडा. वेसनं माझ्याकडे बघितलं, बघ म्हटलं होतं ना, अशा नजरेनं. मग पाचवं गाणं लागलं. पाय पळत होते, पण डावा हात मागे पडायला लागला. आधी थोडा, मग चांगलाच. ठोके पोकळ होत गेले. ब्रेकडाउन आलं, त्याच्या आधी तो थांबला, आणि थांबला तो थांबलाच.

मी म्हटलं, "ते तुझं नेहमीचंच आहे."

"नाही," वेस म्हणाला. "तिथे मी दम खातोय."

त्यानं ते मागे घेऊन आणखी एकदा ऐकलं. ड्रमच्या मागे डॅरेनचं कच्चं ओरडणंही पुसट ऐकू येत होतं. ओळीच्या मधेच त्याचा घसा बसायचा, तो खोकायचा, शिवी देऊन पुढची ओळ पकडायचा. रेकॉर्डवर त्याच ओळी अखंड होत्या, म्हणजे त्याही तुकडे जोडून केलेल्या.

"याचंही तेच झालंय," वेस म्हणाला, आणि थोडा हसला. मी विचारलं, माझा बास कसा वाटतो. तो म्हणाला, "रेकॉर्डवर आहे का तो?" मग आम्ही गोवोम्पकी गरम करून खाल्ल्या.

कार्यक्रम त्यानं केला. डॅरेनला त्यानं फोनवर एवढंच सांगितलं की नव्या गाण्यांना माझ्या कानात तालाची टिकटिक लाव, मी तिच्यावर वाजवीन. जुन्यांना लावू नकोस. हॉल अर्धा भरला होता. कानात बोळे घातलेले चाळिशीतले पुरुष, काहींच्या बायका कोट सांभाळत मागे उभ्या. नवी गाणी लागली की ते बिअर आणायला जात. जुन्या गाण्यांना पुढे येऊन एकमेकांवर आदळत आणि मग गुडघे धरून बाजूला उभे राहत. शेवटच्या गाण्यात वेसच्या डाव्या हातातून काठी निसटली. त्यानं दुसरी घेतली, तीही निसटली. मग तो उरलेलं गाणं उजव्या हातानं आणि पायांनी वाजवत गेला. लोक ओरडले. त्यांना वाटलं, तो काहीतरी नवीन करून दाखवतोय.

सामान गाडीत भरताना त्यानं सांगितलं की आता पुरे. डॅरेन गाडीच्या मागच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "वेस, मी त्या दिवशी म्हटलं ते..."

"बरोबर होतं ते," वेस म्हणाला. "पण ते तू मला आधी सांगायला हवं होतंस. कॉम्प्युटरला कशाला सांगितलंस?"

डॅरेननं मान डोलावली. माफी मागितली नाही, आणि वेसनंही मागायला लावली नाही. त्या वयात आणि त्या थंडीत कोणाला उभंही राहवत नव्हतं.

रेकॉर्ड चालली नाही. कंपनीनं पुढचं काही विचारलं नाही. डॅरेननं वूस्टरची एक ड्रमर गाठून दोन-चार कार्यक्रम केले. पोरगी घड्याळासारखी वाजवायची, पण येणारे लोक वेस कुठे म्हणून विचारायचे. मग तेही थांबलं. मी बास विकला नाही, इतकंच.

मे महिन्यात तेलाचं काम संपल्यावर वेसनं मनगटाचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं की नळी ओढता येईल, बाकीचं बघू. कॉलीनला वृद्धाश्रमातल्या पाळीतून सुटी मिळाली नाही, म्हणून त्याला स्प्रिंगफिल्डच्या दवाखान्यात डॅरेन घेऊन गेला. मी सोबत होतो, मागच्या सीटवर. गाडीत डॅरेन सगळा रस्ता छपराबद्दल बोलत होता: वेसच्या घराच्या मागच्या बाजूला बर्फ साचून पाणी झिरपतं, या उन्हाळ्यात तिथलं छप्पर काढायलाच हवं, दुकानातून सामान आणून तो स्वतः बसवून देईल. वेस खिडकीला डोकं टेकून ऐकत होता. "शिडी कीथला धरायला सांग मग," तो म्हणाला. "मला एका हातानं जमायचं नाही."