खांबावरचं गेज

उचगावच्या त्या वर्कशॉपमधल्या चार लेथची मापं तपासणारा प्रोग्रॅम माझा. त्यात प्रत्येक लेथचा क्लास, म्हणजे कोडचा कप्पा, वेगळा, पण माप तपासायची मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, एकच; ती मी कॉपी करून चारही क्लासमध्ये चिकटवून टाकली होती. पुढे तिच्यात चूक सापडली, तेव्हा तीन ठिकाणी दुरुस्त केली आणि चौथी विसरून चहाला गेलो. चौथ्या लेथवरचे जाड राहिलेले पेटीभर शाफ्ट गिऱ्हाइकाकडून परत आले.

ते पुन्हा लेथवर चढवत होता एक म्हातारा टर्नर. माझ्या स्क्रीनकडे तो आता ढुंकूनही बघत नव्हता. दर शाफ्टला कमरेवर हात ठेवून मधल्या खांबापर्यंत चालत जायचा आणि तिथं दोरीला बांधलेल्या गेजवर, म्हणजे माप तपासायच्या हत्यारावर, शाफ्टची जाडी बघून परत यायचा.

मी शरमून म्हटलं, "मामा, प्रत्येक लेथला एकेक गेज द्यायला सांगू का? पाय तरी वाचतील."

"नगं पावणं. चार गेज केली की चार मापं हुत्यात. त्यातलं कुठलं झिजलंय, कुणाला कळतंय? एकच असलं की दुरुस्त बी एकदाच करायचं."

मी तिथंच लॅपटॉप उघडला. मेथड चारही क्लासमधून काढली, एका जागी ठेवली आणि चौघांना तिथूनच घ्यायला लावली. पाच मिनिटांत झालं.

त्याची पेटी अजून निम्मीही झाली नव्हती.