टाइमस्टॅम्प जुळला, पण ढोलकी कोणाची?

आधीच सांगतो, टिंगल करणाऱ्यांनी खुशाल करा... मीही तेच केलं असतं. आमच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा फ्रेम करून लावल्यात. भूतखेत, अंगात येणं असली प्रकरणं उंबऱ्याबाहेर. त्यात मी चिखलीत कॉम्प्युटर क्लास चालवतो. म्हणून तर जास्त वैताग आलाय.

साखरखेर्ड्याची माझी मावशी जयंतीसाठी गाणी रचते. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, ढोलकी वाजवायचे. ते वारल्यापासून ती नुसतीच गाते, दुसऱ्याचा ठेका तिला चालत नाही. तिची गाणी लोक सर्रास उचलतात, म्हणून यंदाचं नवं गाणं मी क्लासमध्ये दार लावून, पंखा बंद करून रेकॉर्ड केलं. ऐकून पाहिलं — फक्त मावशीचा आवाज. लगेच टाइमस्टॅम्प घेतला. म्हणजे फाईलचा आकडी ठसा एका खात्रीच्या सेवेकडे जातो, ती त्यावर तारीख-वेळ घालून डिजिटल सही करते. नंतर फाईलीत तसूभर बदल झाला तरी ठसा जुळत नाही.

पुढे व्हायचं तेच झालं. नांदुऱ्याच्या एका गायन पार्टीनं ते गाणं स्वतःचं म्हणून गायलं. जयंती कमिटी म्हणाली, पुरावा आणा, नाहीतर गाणं त्यांच्या नावावर. मी ऐटीत लॅपटॉप घेऊन गेलो. ठसा जुळला. गाणं लावलं... तर मावशीच्या आवाजामागे ढोलकी!

फाईल चुकली असेल म्हणून पुन्हा तपासली. जुळली. पेनड्राइव्हवरची कॉपी लावली — तीही जुळली, आणि तिच्यातही ढोलकी.

अध्यक्ष म्हणाले, "टाइम पटला. पन ढोलकी कोन वाजवून राह्यला? त्याले आना साक्षीले."

"कोनीच नोहतं, दादा."

"मंग आपोआप वाजून राह्यली काय?"

मावशी म्हणाली, "तिसऱ्या कडव्याले थाप उशिरा पडली ना? तेच हायेत. जितेपनी सांगू सांगू थकली मी."

अध्यक्षांनी तरुणपणी या दोघांच्या मागे कोरस धरला होता. त्यांनी ते कडवं परत लावायला सांगितलं. ऐकलं, डोळे पुसले आणि गाण्यावर मावशीचं नाव लावलं.

मावशीचं काम झालं, माझं डोकं मात्र अजून ठिकाणावर नाही. टाइमस्टॅम्प म्हणतो, ढोलकी पहिल्यापासून आहे. माझे कान म्हणतात, नव्हती. दोघांपैकी खोटं कोण? क्लासच्या पोरांना आता काय शिकवू? मावशीला विचारलं, तर ती उलट माझ्यावरच चिडली.

"पुढच्या गान्याले जरा आधी सांगत जाय. त्यायले तालीम लागते."