आखूड पावलाचा पंखा

आमच्या घरात उन्हाळा म्हणजे आंबील पातळ होण्याचे दिवस. लोधिवलीच्या खाली, पाताळगंगेच्या काठावर, बाबा होडीतून माणसं पलीकडे नेत. पण उन्हाळ्यात नदी आटे, माणसं पाण्यातून चालतच पार होत, आणि बाबा होडी काठावर उलटी टाकून कोळशाच्या भट्टीवर लाकडं फोडायला जात. आई नाचणीच्या आंबिलीत पाणी वाढवायची आणि म्हणायची, "पातळ बरी, पोटाला थंड असती." तिच्या भांड्यात तर नुसतं पाणीच असे. ते आम्हाला दिसत होतं. बोलायचं नाही एवढं कळत होतं.

मग खोपोलीला वीजघर झालं. घाटावरचं पाणी नळांतून खाली येऊन यंत्रं फिरवी आणि आमच्या नदीत सुटे. नदी बारमाही झाली. आम्हाला वाटलं, सुटलो. पण ते पाणी नदीचं नव्हतं, वीजघराचं होतं. त्याच्या मर्जीने यायचं. सकाळी घोट्याएवढं, दुपारी छातीच्या वर. पाणी चढलं की धारेच्या ओढीने बांबू तळाला ठरत नसे, वल्ही मारावी लागत. आणि भट्टीवर अंगावर ओंडका पडल्यापासून बाबांचा उजवा हात वर जात नव्हता. चौकच्या बाजाराच्या दिवशी पाणी चढलं, की पलीकडच्या काठावर बाया ओरडत उभ्या राहत आणि बाबा अलीकडे मान खाली घालून बसत.

तक्रार गेली. खालापूरचे महालकरी, म्हणजे आमच्या भागाचे साहेब, स्वतः आले. नदीपार नेण्याचा मक्ता कोणाला द्यायचा हे त्यांच्या शब्दावर होतं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर बाजाराच्या दिवशी येतो. भरलेली होडी चढलेल्या पाण्यात पलीकडे नेऊन दाखवा. नाही जमलं तर पनवेलचा एक मक्तेदार तयार आहे."

मी तेव्हा मुंबईत शाळेत विज्ञान शिकवत होतो. आमच्या घराण्यात सही करणारा मी पहिला. पदवीपर्यंत पोचणाराही मीच. हे मिरवायला सांगत नाही. थोडं मिरवतोही, कारण ती मला कोणी वाटेत सापडल्यासारखी मिळाली नव्हती. मी बाबांना म्हणालो, होडीच्या मागे लावायची मोटार निघाली आहे, ती घेऊ. पगारातून शिल्लक टाकली होती.

"किती ताकदीची?" बाबांनी विचारलं.

"ताकद घोड्यांवर मोजतात. दोन घोड्यांची असते, चार घोड्यांची असते."

"घोडं खोटं, मोजणी खोटी. आन् होडी बुडाली तर बुडणारा बाप तेवढा खरा," बाबा म्हणाले आणि विडी विझवून उठले.

मुंबईच्या एका दुकानाचा विक्रेता मोटार दाखवायला आला. अंगात कोट, पायात पांढरे बूट. बूट भिजू नयेत म्हणून तो एका गड्याच्या पाठीवर बसून होडीत चढला. रिकाम्या होडीत तो आणि त्याचा माणूस, दोघेच. दोरी ओढली, धूर निघाला आणि होडी नाक वर करून अशी सुटली की काठावरच्या पोरांनी टाळ्या पिटल्या.

"चार घोडे, मास्तर! वारा कसा कापला बघितलंत?"

"वारा नाही कापायचा मला. आता यात बाजाराच्या बाया बसवा, त्यांच्या मोळ्या घाला, तांदळाची पोती घाला आणि पुन्हा न्या."

"अहो, यंत्र नवं आहे. नव्या सुनेला पहिल्याच दिवशी एवढं ओझं देतात का?"

"आमच्यात पयल्याच दिशी देतात," बाबा म्हणाले. काठ खदखदून हसला. विक्रेताही हसला, पण होडी काही भरून दाखवली नाही. तिथे तो माझ्या मनातून उतरला. ज्याला माल विकायचा आहे तो मोळ्यांना का भितो?

मी ठरवलं, घोडे किती लागतात ते त्याला विचारायचं नाही, नदीला विचारायचं. कोळशाच्या वखारीतून पोती तोलायचा ताणकाटा आणला. होडीत दगड भरले, बाजाराच्या भाराइतके. पाणी चढल्यावर होडी धारेत सोडली, दोर काठावरच्या उंबराला बांधला आणि दोर आणि झाड यांच्या मध्ये काटा अडकवला. होडी धारेत थरथरत उभी राहिली आणि काट्याची सुई खाली गेली. त्या पाण्यात होडी जागेवर धरून ठेवायला लागते तेवढी ओढ मोटारीने दिलीच पाहिजे, आणि पुढे जायला वर थोडी. धारेत पळसाची पानं सोडून तिचा वेगही पाहिला.

काठावर माणसं जमली. ठाकरवाडीची एक म्हातारी कोंबड्यांची पाटी घेऊन बाजारातून परतत होती. तिने विचारलं, "काय तोलतंय रं तुजं पोर?"

"नदी," बाबा म्हणाले.

"नदी? सरकारनं सांगितलं आसंल. आज तोलतील, उद्या पाण्याचा पैसा घेतील. शिकल्यालं पोर हाय, त्याच्या समोर पानी पन पिऊ नका गं!"

खरंच, आठवडाभर बाया मला पाहिलं की हंडा पदराखाली घेत.

हिशोब मांडला. मोटारीच्या पाण्याखालच्या पंख्यात निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते असं धरूनही दोन घोडे पुरत होते. भरलेली होडी पाण्यात जड होऊन बसलेली असते. तिला चार घोडे लावले तरी ती वर उचलून पळत नाही, नुसतं मागचं टोक बुडतं आणि फळ्या हलतात. खरी गोम घोड्यांत नव्हतीच, पंख्यात होती. पंखा एका फेऱ्यात पाणी कापून किती पुढे सरकतो, त्याचं एक माप असतं. दुकानदार त्याला पिच म्हणतात.

"म्हंजी काय?" बाबा म्हणाले. त्यांना या पिचचाच सगळ्यात जास्त संशय होता.

"बाबा, भरलेली गाडी चढावर ओढताना बैल पाऊल कसं टाकतो?"

"आखूड."

"आणि लांब टाकायला लावलं तर?"

"धाप लागून गुडघ्यावर येईल."

"मोटारीचंही तेच. त्याने दाखवला तो लांब पावलाचा पंखा, रिकाम्या होडीसाठी. आपल्याला आखूड पावलाचा हवा."

"मंग पाऊल म्हण की रं सरळ! पिच काय पिच!" त्या दिवसापासून आमच्या घरात पाऊलच म्हणतात.

मी त्याच दुकानाकडे दोन घोड्यांची मोटार मागवली, आखूड पावलाच्या पंख्यासकट. विक्रेत्याने उलट टपाली कळवलं की पस्तावाल. मोटारीची पेटी कर्जत स्टेशनवर उतरली आणि बैलगाडीने घरी आली. सगळ्या वाटेने बाबा त्या पेटीवर बसून होते. गाडीवानाचा त्यांना भरवसा नव्हता. मला विक्रेत्याचा नव्हता.

पंखा पितळेचा, देखणा. मधल्या भागावर रंगाचा जाड थर होता; पावलाचा आकडा कोरलेला असलाच तर दिसायची सोय नव्हती. मी आईला म्हणालो, "गणपतीचा पाट दे." घरात रंधा मारलेली सपाट फळी तेवढीच.

"देवाच्या पाटावर लोखांड ठेवतोस?"

"पितळ आहे आई."

"मंग पुसून ठेव."

पंखा पाटावर आडवा ठेवला. प्रत्येक पात्याची एक कड पाटाजवळ असते आणि दुसरी वर उठलेली. जितकी जास्त उठलेली, तितकं पाऊल लांब. पट्टीने मोजलं, वहीत मांडलं, पुन्हा मोजलं. पंखा लांब पावलाचा होता. त्या दिवशी काठावर दाखवला होता तसलाच.

बाबा म्हणाले, "मी सांगितलं व्हतं."

त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं, पण मी वाद घातला नाही. पंखा पिशवीत घालून मुंबईला गेलो. विक्रेत्याने कपाळाला हात लावला. "असं कसं झालं बुवा!" म्हणत त्याने दुसरा पंखा काढला, आणि तो शोधावा लागला नाही, हाताशीच ठेवलेला होता. लबाडी की आळस, ते मला आजही सांगता येत नाही. त्याच्याच काचेच्या टेबलावर मी तो मोजला.

"मास्तर, एवढाही विश्वास नाही?"

"पट्टीवर आहे," मी म्हणालो.

बाजाराचा दिवस आला. दुपारी वीजघराचं पाणी चढलं. होडीत मोळ्या, पोती, दोन शेळ्या आणि बाया. महालकरी मधल्या फळीवर छत्री धरून बसले. कोंबड्यांवाली म्हातारी शेवटी चढली. "बुडलो तर माज्या कोंबड्यांचं काय?" तिने त्यांनाच विचारलं. साहेबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

बाबांच्या डाव्या हातात मोटारीचा दांडा. मी दोरी ओढली. बायांनी नाकाला पदर लावले. होडी धारेला तिरकी करून आम्ही निघालो आणि मधोमध आल्यावर ती थांबल्यासारखी झाली. काठ हलेना.

"थांबली रं!" कोणी तरी ओरडलं. बाबांचा उजवा हात पायाशी ठेवलेल्या बांबूकडे गेला. तो त्यांनी मला न विचारता आणला होता.

"बाबा, आवाज ऐका. खाली गेलाय का?"

मोटारीचा आवाज एकसारखा होता. लांब पाऊल असतं तर ती गुरगुरून मेली असती. मी पलीकडच्या पळसाकडे पाहिलं. त्याच्या मागे काळा कातळ होता. पळस कातळापुढून अगदी हळू, पण सरकत होता, म्हणजे होडी चालत होती. बाबांनीही पाहिला. बांबूवरचा हात त्यांनी काढला नाही, पण बांबू उचललाही नाही.

आणि होडीचं नाक वाळूला लागलं.

म्हातारी उतरताना म्हणाली, "एवढं बोंबललं नि चाललं गोगलगाईसारखं."

"पन चाललं ना आजे?" बाबा म्हणाले.

महालकऱ्यांनी आधी आपले कोरडे बूट पाहिले, मग मागे वळून पाणी पाहिलं, आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा."

त्या वर्षी मक्ता बाबांच्याच नावावर राहिला, आणि त्यांनी होडी चालवणं आपणहून सोडेपर्यंत तो दुसऱ्या कोणाकडे गेला नाही.