करीम रगबचं दप्तर

इन्शिराहला कॉलेजात प्रवेश मिळाला ही गोष्ट कैरोतल्या आख्ख्या शुब्रा वस्तीत दोनच माणसांना ठाऊक होती, ती स्वतः आणि तिचा नवरा रगब. त्यातही रगबला सांगितलं तेव्हा तो दुपारचा आडवा झालेला होता, त्यामुळे त्याला धरावं की नाही हा प्रश्नच आहे. त्यानं "बरं बरं" म्हणून कूस बदलली होती.

पन्नाशी उलटलेली बाई. गल्लीतले निम्मे पडदे आणि निम्मे झगे हिच्याच मशीनवर शिवलेले. त्याच मशीनवर पुस्तक टेकवून ती बारावी झाली आणि आता दर शुक्रवारी कॉलेजात जाऊन इतिहास शिकणार होती. दुसरी कुणी असती तर तिनं जिन्यात उभं राहून इमारत डोक्यावर घेतली असती, गल्लीत सरबत वाटलं असतं. इन्शिराहनं मात्र तोंडाला कुलूप लावलं, कारण तिच्या समोरच्या दारात उम्म सामेह राहत होती.

उम्म सामेह, म्हणजे सामेहची आई, मनानं बाई चांगली. हे तिच्याशी भांडलेलेसुद्धा कबूल करतात. आजाऱ्याला सूप, बाळंतिणीला मेथीचं पाणी, सगळं न सांगता घेऊन हजर. पण तिची नजर! तिसऱ्या मजल्यावर जाऊन "काय गं बाई झुंबर!" म्हणाली आणि ते झुंबर त्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर उतरलं. कोपऱ्यावरच्या नवरदेवाच्या गाडीला "कशी चकाकतेय" म्हणाली, तर गाडी भर वरातीत बंद पडली आणि खुद्द नवरीला उतरून ढकलावी लागली. आमच्या जिन्यात तिच्या चपला वाजल्या की घराघरांत लोणच्याच्या बरण्यांवर झाकणं बसतात.

इन्शिराहनं तर स्वतःच भोगलं होतं. मागच्या खेपेला तिनं परीक्षेला बसतेय म्हणून चारचौघींत सांगितलं. उम्म सामेह कौतुकानं म्हणाली, "अक्षर किती देखणं गं तुझं!" दुसऱ्या दिवशी जिन्यावरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. जिना ओला होता, हे खरं. पण तो मेला रोजच ओला असतो. ते वर्ष फुकट गेलं. पुन्हा कंबर कसायला तिला फार जड गेलं होतं, आणि हेही हातचं गेलं तर आपण परत उठणार नाही हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं ठरवलं, कॉलेजच्या बाकावर टेकेपर्यंत ह्या बाईला वास लागू द्यायचा नाही.

गुरुवारी सकाळी ती वह्या-पेनं आणायला निघाली. म्हणजे अर्थात फग्गालाच्या बाजारात, कैरोत दुसरीकडे कोण जातं? ती दबक्या पावलांनी जिना उतरत होती, तेवढ्यात वरून आवाज आला.

"कुठं गं इतक्या सकाळी?"

"फग्गालाला," इन्शिराहच्या तोंडून खरं तेच निसटलं.

"फग्गालाला? कशाला?"

आता फग्गालात दोनच गोष्टी मिळतात. एक दुकान वह्या-पेनांचं, त्याला लागून नळ-कमोडांचं, परत वह्या, परत कमोड. ही सोयरीक कुणी जमवली देव जाणे. इन्शिराह म्हणाली, "कमोड बघायला."

"आणि एकटी निघालीस?" उम्म सामेहचे डोळे लकाकले. "लुटतील की तुला! माझा भाऊ नळाचीच कामं करतो, मला सगळं कळतं. थांब, चपला घालते!"

झालं. तासाभरात दोघी फग्गालाच्या फुटपाथवर मांडलेल्या कमोडांच्या रांगेसमोर उभ्या होत्या.

उम्म सामेह कामाला लागली. टाक्यांची झाकणं उचलून आत हात घालत होती, बोटांनी टकटक वाजवून आवाज ऐकत होती, आणि दुकानदाराला त्याच्याच मालातले दोष समजावत होती. "बस," तिनं इन्शिराहला हुकूम सोडला.

"इथं? रस्त्यात?"

"मग? बसल्याशिवाय कळतं का? जन्मभर बसायचंय त्याच्यावर. बस म्हणते ना!"

इन्शिराह बसली. हातात पर्स, डोक्याला नीट गुंडाळलेला रुमाल, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पुढ्यात, कमोडवर. आणि समोर, रस्त्याच्या पलीकडे, शहाताच्या नावाची पाटी लावलेलं वह्या-पेनांचं दुकान.  दारालाच बॅगा टांगल्या होत्या. काचेआड पेनं ओळीनं मांडली होती. जाडजूड वह्या होत्या, मध्ये रंगीत पानं घातलेल्या, म्हणजे प्रत्येक विषयाला वेगळं घर. लहानपणी शाळा सुटली तेव्हा तिच्याकडे थोरल्या भावाची अर्धी उरलेली वही होती. कोरी वही स्वतःसाठी अशी तिनं जन्मात विकत घेतली नव्हती.

"आता ह्याच्यावर बस," उम्म सामेह म्हणाली.

"तुझा घसा सुकला असेल," इन्शिराह ताडकन उठली. "उसाचा रस आणते मी!" आणि ती रस्ता ओलांडून थेट शहाताच्या दुकानात घुसली.

शाळा उघडायच्या तोंडावर होत्या. दुकानात आयांची ही गर्दी. शहाता घामाघूम होऊन हात चालवत होता. "बोला मॅडम, मुलगा की मुलगी?"

'माझ्यासाठी' एवढंच म्हणायचं होतं. पण पलीकडून उम्म सामेहच्या झाकणांचा खणखणाट येत होता. "मुलगा," इन्शिराह म्हणाली.

"कितवीत?"

"प... पहिलीत."

शहातानं डोळ्याचं पातं लवायच्या आत सशाचं चित्र असलेलं निळं दप्तर काढलं. चेन ओढली की सशाचे कान लुकलुकायचे. त्यात तो खडू, खेळायची माती, बोथट कात्री, शाळेच्या यादीतला बाईंना द्यायचा साबण, नाक पुसायचे कागद असं भराभर कोंबायला लागला.

"मला जरा साधी बॅग हवी होती, काळी," इन्शिराह चाचरत म्हणाली.

"पहिलीतल्या पोराला काळी?" शहाता भडकला. "शाळेत चाललाय की मयताला? बरं, नाव सांगा, वह्यांना चिठ्ठ्या चिकटवून देतो."

"करीम."

"वडिलांचं?"

आमच्याकडे पोराच्या नावामागे बापाचं आणि बापामागे आजोबाचं लागतंच, त्याशिवाय नाव नाव होत नाही. घाईत दुसरा कुठला बाप सुचणार? तोंडपाठ होता तोच बाहेर पडला. "रगब अब्दुलमौला."

"बाहेर त्या रसाच्या गाडीवर थांबा, झालं की हाक मारतो."

इन्शिराह रसाचे पेले घेऊन परत आली. मागाहून एकटी येऊ आणि सगळं बदलून नेऊ, असं ती स्वतःला समजावत होती. तोवर उम्म सामेहनं एका कमोडाचा भाव इतका खाली आणला होता की दुकानदार रडकुंडीला आला होता. आणि नेमक्या त्याच घटकेला रस्त्यापलीकडून शहाता गरजला.

"करीम रगब अब्दुलमौलाची आई! दप्तर तयार आहे!"

आणि तो स्वतःच दप्तर खांद्याला लावून रस्ता ओलांडून आला. सशाचे कान लुकलुकत होते.

उम्म सामेहचा हात टाकीतच राहिला. तिनं दप्तराकडे पाहिलं, शहाताकडे पाहिलं, मग इन्शिराहकडे. "रगब अब्दुलमौला? आपला रगब?"

"अगं, ऐक..."

"तुझा तर एकच मुलगा. तो कुवेतला. त्याला मिशा आहेत!" उम्म सामेहनं कपाळावर हात मारला. "दुसरी केली त्यानं! दुसरी केली, तिला पोर झालं, आणि हे सोनं सवतीच्या पोराला दप्तर घेतंय! लोकहो, बघा हो बघा, काय काळीज आहे ह्या बाईचं!"

लोकहो बघायला आले. फग्गालात लोकांना बोलवावं लागत नाही.

"तरीच मेला दुपारचा झोपतो!" उम्म सामेह रडायला लागली. "मी म्हणतेच आहे, निवृत्त माणूस एवढा दमतो कशानं?"

"कोण हा रगब?" कमोडवाल्यानं बाह्या सरसावल्या. "राहतो कुठं?" शेजारच्या दुकानातले दोघे हातात नळाचे पाइप घेऊनच बाहेर आले. रस्ता ओलांडायला घाबरणारा आमचा रगब त्या वेळी घरी उशीला मिठी मारून झोपला होता, आणि इथं त्याच्या बरगड्या वाटून घेणं चाललं होतं.

उम्म सामेहनं फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. "रगब! हे खरं का? केलंस तू?"

पलीकडून झोपाळलेला आवाज आला. त्याला वाटलं मसुराच्या भांड्याखालचा गॅस बंद करायचं विचारतायत. "हो, केलं की मघाशीच. इन्शिराहनंच सांगितलं होतं करायला."

गर्दीतून "हाय!" असा सुस्कारा निघाला. पाइपवाले निघालेच.

आता मात्र इन्शिराहला राहवेना. शेजारच्या कमोडाचं झाकण आपटून ती त्याच्यावर चढली आणि ओरडली, "थांबा! माझं आहे ते दप्तर! करीम-बिरीम कुणी नाही! मी, मी स्वतः, उद्यापासून कॉलेजात जातेय!"

पाइपवाले वळून बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, "माशाल्ला," आणि पाइपवाल्यांनी पाइप पाठीमागे लपवले. शहाता पुटपुटला, "मग आधी सांगायचं नाही का, खडू कशाला भरले मी?"

उम्म सामेह डोळे पुसत होती. "कॉलेजात? आणि मला कमोड सांगितलंस?"

 इन्शिराहचा डावा हात आपसूक उजव्या मनगटाकडे गेला, आणि उम्म सामेहनं ते पाहिलं.

"असं होय," ती हळूच म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान झाला. "मला काय कळत नाही वाटतं? मी जिन्यात आले की झाकणं वाजतात. मी बहिरी नाही, बाई. सून माझ्याकडे नातवाला आणते ना, तर त्याच्या तोंडावर दुपटं टाकून आणते. माझ्या सख्ख्या नातवाचं नाक कसं आहे, मला अजून माहीत नाही."

एवढं बोलून तिनं तोंड फिरवलं, फरशांच्या ढिगाकडे पाठमोरी उभी राहिली आणि डोळे गच्च मिटले. "जा, घे काय घ्यायचंय ते. मी बघत नाही. लवकर आटप."

इन्शिराह कमोडवरून खाली उतरली. तिला भीती वाटत होती, उगाच कशाला खोटं बोला? मनगट ठणकायलासुद्धा लागलं होतं. पण त्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते तिला बघवेना. तिनं उम्म सामेहचा हात धरला आणि तिला आंधळ्यासारखी रस्त्यापलीकडे नेली, दुकानात उभी केली.

"डोळे उघड."

"नको गं."

"उघड म्हणते ना! मला ह्यातलं काही कळत नाही. तू निवड."

उम्म सामेहनं एक डोळा उघडला. समोर काळी बॅग होती. दुसराही उघडला. "ही?" ती म्हणाली. "ही विम्याच्या एजंटाची. लाल घे, लाल! लांबून कळलं पाहिजे कोण येतंय ते." आणि मग काय विचारता. शहाताची पेनं एकेक करून हातावर ओढून पाहिली, वह्यांची पानं उजेडात धरली, "शाई पलीकडे फुटते" म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे परत केले. सशाचं दप्तर शहाता परत घेईना, तर ते तिनं स्वतःच्या काखेत मारलं. "नातू मोठा होईल की कधीतरी. चिठ्ठी खरवडता येते." कमोडवाल्याला निदान भवानी व्हावी म्हणून त्याच्याकडून एक बसायचं झाकण घेतलं. संध्याकाळी रगब उठला तेव्हा त्याच्या गळ्यात ते झाकण पडलं आणि वर शिव्याही पडल्या. कशाबद्दल, ते त्याला अजून कळलेलं नाही.

शुक्रवारी इन्शिराह लाल बॅग खांद्याला लावून निघाली. उम्म सामेह दारात उभी होती. तिनं आवरून पाहिलं, ओठ चावले, पण नाहीच जमलं. "काय देखणी दिसतेस गं! आणि ती बॅग!" जिन्यातली झाकणं एकजात वाजली. इन्शिराह दोन्ही हातांनी कठडा धरून पायरी पायरीनं उतरली, आणि धडधाकट कॉलेजात पोचली.

वर्गात ती पुढच्या बाकावर टेकली, आणि बॅगेचा पट्टा काडकन तुटला. बॅग खाली, पेनं सगळीकडे, त्यातलं एक तर थेट सरांच्या बुटापाशी. अख्खा वर्ग हसला. इन्शिराहही हसली, रांगत जाऊन पेनं गोळा केली आणि परत बाकावर बसली. बाक तिथंच होता. सरांनी फळ्यावर तारीख लिहिली, तिनं कोऱ्या वहीत लिहिली.

घरी जाताना मेट्रोत तिनं पर्समधली सुई काढली, तिचं घर सुटलं तरी सुई सुटत नाही, आणि पट्टा दुहेरी टाक्यानं असा पक्का शिवला की शहाताच्या बापाला ओळखू आला नसता.

उम्म सामेह जिन्याच्या तोंडाशीच बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. "काय झालं? सांग पटकन. पडलीस? फोडलंस काही?"

"मला काय होतंय?"

"आणि बॅग?"

"ही काय," इन्शिराहनं बॅग तिच्या मांडीवर ठेवली. "टाका हलला नाही."

उम्म सामेहनं बॅग उलटीपालटी करून पाहिली, पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला, मग आत गेली आणि फोन लावला. सुनेशी बोलत होती. आवाज आख्ख्या जिन्यात ऐकू येत होता.

"उद्या बाळाला घेऊन ये, कळलं का? आणि ते दुपटं घरी ठेव."