शाळेवरचं लाल फडकं

राजूरला गणपतीला गेलो की कोणी ना कोणी विचारतंच, "आबा, पोरीच्या पेटीचं ते शेवटचं कवा ऐकायला भेटणार?" मी म्हणतो, येईल, आणि पुढं सरकतो. पहिले मी असा सरकत न्हवतो. उपरणं सावरून तिथंच थांबायचो, चार माणसं जमली की बोलायला सुरुवात करायचो, आणि प्रसादवाला म्हणायचा, आबा, जरा बाजूला उभं राहून सांगा, गिऱ्हाईक अडलं.

माझी पोरगी पियानो वाजवते, गावाच्या तोंडी ती पेटीच. मोठमोठ्या हॉलमधी, तिकीट काढून लोक बसतात अशा ठिकाणी. जालन्याला मिशनच्या शाळेत ठेवली होती, तिथल्या बाईंनी तिची बोटं बघितली, तिथून मुंबई, तिथून परदेश. मी चौथी शिकलेला माणूस. मला त्या बाजातलं काहीच कळत न्हाई, पण पोरगी माझी आहे एवढं कळतं, आणि तेवढ्यावर मी लई वर्षं छाती काढून चाललो.

जर्मनीत जुन्या काळी एक उस्ताद होऊन गेला. त्यानं पियानोसाठी जन्मभर ज्या रचना केल्या, त्या सगळ्या, एकूण एक, आपल्या हातानं वाजवून रेकॉर्ड करायच्या असं पोरीनं धरलं होतं. सोनाटा म्हणतात त्याला. काही वर्षं तेच चालू होतं. तिकडं बाकीचे झाले. शेवटचा राह्यला. तो ती म्हणाली गावाकडं करते.

का, तर आमच्या गावात निजामाच्या वेळची दगडी शाळा आहे. भिंती हातभर जाड, वर सागाचं छत. नवी शाळा झाल्यापासून रिकामी पडलेली. लहानपणी त्या खोलीत कविता म्हणली की आवाज कसा गोल होऊन परत यायचा, ते तिच्या ध्यानात राह्यलं होतं. मुंबईहून रेकॉर्डिंगवाला आला, टाळ्या वाजवून बघितल्या, मान डोलावली. मंग टेंपोत गाद्या घालून पियानो आला, त्याच्या तारा लावणारा माणूस आला. दिवस थंडीचे, पंख्याची गरज न्हाई. त्या आठवड्यात मोटारीची लाइट रात्री होती, म्हणजे दिवसा शेतात पंपाचा आवाज न्हाई. सगळं बराबर जुळून आलं. राह्यला गावाचा आवाज. तो मी माझ्याकडं घेतला.

मला कोणी सांगितलं न्हवतं. रेकॉर्डिंगवाला पहिल्या दिवशी कानाचं यंत्र काढून बाहेर आला आन्‌ म्हणला, "आबा, कुठंतरी कुकरची शिट्टी होतेय." बस. मी काठी घेऊन गल्लीत निघालो. शाळेच्या दारावर लाल फडकं टांगलं असलं की कुकर लावायचा न्हाई, गाडी चालू करायची न्हाई, पोरांना हाका मारायच्या न्हाईत. लोकांनी ऐकलं. हसत हसत ऐकलं. एक म्हातारी म्हणली, "आबा, माह्या कोंबड्याला तुम्हीच समजावून सांगा, तो माझं ऐकत न्हाई." दुसरा म्हणला, "मला खोकला आलाय, परवानगी कुठं काढायची?" मी हसलो न्हाई. मी शाळेसमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसलो, काठी मांडीवर.

पोरीनं मला एक गोष्ट सांगितली होती. "आबा, एकदा वाजवून झालं की आम्ही थांबतो, ऐकून बघतो, मंग परत वाजवतो. मधल्या टायमाला फडकं उतरवत जा. लोकांना कामं असतात." मी हो म्हणालो. पहिल्या दिवशी उतरवलंही. पण उतरवलं की गल्ली एकदम सुटायची. कुकर, बाया, ट्रॅक्टर, सगळं एका दमात. परत टांगलं की आवरायला वेळ लागायचा, मला उठून दोन दोन दारं फिरावी लागायची. मंग मी आपल्या मनानं ठरवलं. सकाळी टांगायचं, दुपारी जेवायला उतरवायचं. मधी न्हाई. पोरगी आत असायची, तिला काय दिसणार?

शाळेच्या मागल्या भिंतीला लागून एक घर आहे. नवरा जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, सकाळी मोटारसायकलवर जातो. घरी त्याची बायको आणि आजारी आई. त्याची आई माझ्याच शेतात कापूस वेचून म्हातारी झाली. एक दिवस मधल्याच टायमाला, म्हणजे आत वाजवणं थांबलेलं पण फडकं वर, त्या घरातून धपधप आवाज आला. सून अंगणात तुरी बडवत होती. मी जाऊन उभा राह्यलो.

ती म्हणली, "आबा, पेटी तर बंद आहे की आता."

मी म्हणालो, "फडकं दिसत न्हाई का?"

"मंग तुरी कवा बडवू? उफणायला वारं लागतं, ते दुपारून पडतं."

"ते मला सांगू नको. परत आवाज आला तर बघ."

सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोललो. ती हातातली बडवायची काठी खाली ठेवून घरात गेली. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी पोरगी त्या सोनाट्याचा शेवटचा भाग धरून बसली होती. संथ आहे. एकच चाल असते, साधी, तीच घोळून घोळून येते, दर वेळेला अंगावर आणखी काहीतरी घेऊन. ती म्हणायची हा भाग तुकडे जोडून करायचा न्हाई, एका दमात झाला पाह्यजे. सकाळपासून वाजवायची, थांबायची, ऐकायची, परत वाजवायची. मी लिंबाखाली.

अकराच्या सुमाराला बघतो तर कारखान्यातला तो पोरगा वेशीकडून येऊन राह्यला. मोटारसायकल बंद, हातानं ढकलत. चढ आहे तिथं. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, मान खाली. मला वाटलं, वा, याला म्हणतात ऐकणं. कामावरून लवकर आला आन्‌ गाडी वेशीतच बंद केली. मी हात वर करून त्याला शाबासकी दिली. त्यानं माझ्याकडं बघितलं. गाडी ढकलत मागल्या बाजूला गेला.

थोड्या वेळानं आतलं वाजवणं थांबलं. रेकॉर्डिंगवाला दारात आला, दोन्ही हात वर करून म्हणला, "झालं आबा. हे झालं. असं परत होणार नाही." त्याच्यामागं पोरगी, डोळे लाल, हसत. मी फडकं उतरवलं आणि घडी घालून राह्यलो होतो, तेवढ्यात मागल्या घरातून गळा निघाला.

आमच्याकडं मौत झाली की बोलावणं करावं लागत न्हाई. बाया गळा काढतात, तो ऐकून गल्ली जमा होते. ज्याच्या हातात जे असंल ते ठेवून माणूस येतो. कोणी पाणी तापवतं, कोणी फोन लावतं, कोणी नुसतं धरून बसतं. त्या दिवशी गल्ली आत गेली तेव्हा म्हातारी थंड पडलेली होती. सकाळी नवरा गेल्यावर घडीभरातच ती गेली होती. सुनेनं शाळेच्या कोपऱ्यावरून डोकावून बघितलं, फडकं वर होतं. तिनं नवऱ्याला फोन केला, तोंडावर पदर धरून, कुजबुजत. मंग दार लावून प्रेताजवळ बसून राह्यली, पदर तोंडात कोंबून. एकटी. रडली न्हाई म्हणून कोणी आलं न्हाई.

हे मला शेजारच्या बाईनं मातीहून परत येताना सांगितलं. पोरगी माझ्या बाजूला चालत होती. ती जागच्या जागी थांबली.

"पण मधी मधी तर आम्ही थांबलो होतो की," ती म्हणली. "आबा, फडकं उतरवत होता ना तुम्ही?"

मी म्हणालो, "हो."

तोंडातून गेलं. शेजारच्या बाईनं माझ्याकडं बघितलं आणि नजर दुसरीकडं केली. माझं वय बघून गप बसली असंल.

मंग पोरीनं त्याचा अर्थ आपल्यावर घेतला. तिला वाटलं, फडकं उतरलं तरी ती बाई पेटीच्या धाकानं गप बसली. "माझ्या बोटांखाली एक बाई तोंडात पदर घालून बसली होती," असं ती तिच्या आईला म्हणत होती, मी ओसरीवर होतो. तिनं पियानोला कुलूप घातलं. रेकॉर्डिंगवाला समजावून थकला, म्हणला हा भाग न्हाई तर सगळंच अर्धं. ती म्हणली अर्धं राहू द्या. एवढ्या वर्षांची तिची मेहनत, आणि एका शब्दानं मी ती खाली बसवली होती. तो शब्द परत घ्यायला मला तोंड उघडायचं होतं फक्त. सावडायचा दिवस झाला तरी माझं तोंड उघडलं न्हाई. जेवण कमी झालं. बायको म्हणली, "तुम्हाला काय झालंय? मेली ती त्यांची आई." मी तिच्यावरच खेकसलो.

ज्या दिवशी टेंपो पियानो न्यायला आला त्या दिवशी मी शाळेत गेलो. पोरगी झाकण पुसत होती. मी म्हणालो, "फडकं मी उतरवत न्हवतो. सकाळी टांगलं की दुपारीच काढायचो. आदल्या दिवशी तिला दारात जाऊन दम दिल्ता मी, तुझी पेटी बंद असताना."

तिनं पुसणं थांबवलं न्हाई. म्हणली, "का?"

"परत परत उठावं लागायचं."

मला वाटलं होतं ती ओरडंल. ती म्हणली, "हे मला सांगून काय उपयोग आबा? तिकडं जाऊन सांगा. आणि ते वाजवलेलं बाहेर काढायचं का न्हाई ते पण तिलाच विचारा. तुम्ही विचारा. मी येणार न्हाई सोबत."

विचारायची मला सवय न्हाई. मी सांगत आलो. घरात, शेतात, गल्लीत. शाळेला वळसा घालून त्या दारापर्यंत जायला मला पूर्ण सकाळ लागली. टेंपोवाला म्हणला आबा, निघायचं का, मी म्हणालो थांब.

सून उंबऱ्यावर लसूण सोलत बसली होती. तिनं पदर सारखा केला, उठली न्हाई. मी उभ्या उभ्याच सांगितलं. आत पेटी थांबायची तेव्हा फडकं काढायचं ठरलं होतं, ते मी काढलं न्हाई, पोरीला माहीत न्हवतं.

ती म्हणली, "मला माहीत होतं थांबायची ते. भिंतीला भिंत आहे. थांबली की मी फडकं बघून यायची. वरच असायचं. मंग परत चालू. संपायलाच येत न्हवतं ते."

मी म्हणालो, "ते रेकॉर्ड बाहेर काढावं का न्हाई, पोरगी तुला विचारून राह्यली."

"पोरगी का तुम्ही?"

"पोरगी. मीबी."

ती लसणाची पाकळी नखानं फोडत बसली. म्हणली, "तिला म्हणा मला विचार करू द्या. तिचा राग न्हाई. मातीच्या दिवशी माझ्याजवळ बसून होती ती." मंग म्हणली, "ह्यांच्या मनात मात्र एकच आहे. तुम्ही हात वर केला होता त्यांना."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

हे वाक्य मी जन्मात कुणाला म्हणलो न्हवतो, बापाला पण न्हाई. मला वाटलं आता ती म्हणंल, असू द्या आबा. आपल्यात म्हणतात तसं. म्हाताऱ्या माणसाला एवढं म्हणतातच.

ती म्हणली, "हं." आणि पुढची कुडी घेतली.

तिचं उत्तर अजून आलेलं न्हाई. पोरगी तिकडून फोन करते तेव्हा ते विचारत न्हाई, आणि मी त्या दारात दुसऱ्यांदा घाई करायला गेलेलो न्हाई.